रानवाटेची मोटारसायकल राजरस्त्यावर

मोटारसायकल म्हटली कीं दोन चाकें, एक यंत्र आणि एक स्वार एवढेंच चित्र सामान्यतः डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु शर्यतीचा घोडा आणि टांग्याचा घोडा हे दोन्ही घोडेच असले तरी एकाचें काम दुसऱ्याकडून होत नाहीं. तीच गोष्ट मोटारसायकलींची. ‘डर्ट बाइक’ या नांवानें ओळखली जाणारी गाडी चिखल, वाळू, दगडधोंडे आणि चढउतार यांच्यासाठींच जन्माला आलेली असते. तिला दिवा नसतो, भोंगा नसतो, आरसा नसतो. आणि नंबराच्या पाटीसाठीं जागाही नसते. जें जें रानांत निरुपयोगी तें तें काढून टाकून तिचें वजन कमी केलेलें असतें.

अशी गाडी घरीं आली म्हणजे थोड्याच दिवसांत एक अडचण जाणवूं लागते. मैदानापर्यंत तिला न्यावयाची कशी? छोट्या ट्रकवर अगर जोडगाडीवर घालून नेणें खर्चाचें. आणि रस्त्यावरून चालवीत नेणें बेकायदेशीर. मग सहजच विचार सुचतो कीं, एक दिवा, एक भोंगा व दोन आरसे बसविले तर काम भागणार नाहीं काय? या प्रश्नाचा सर्वांत मोठा ऊहापोह अमेरिकेंत झालेला आहे. कारण तेथें वाळवंटें व जंगलें विस्तीर्ण, अशा गाड्या पुष्कळ, आणि मोटारीच्या नोंदणीचा अधिकार एकेका राज्याकडे सोंपविलेला. त्यामुळें एकच प्रश्न अनेक प्रकारांनीं सोडविलेला तेथें पाहावयास मिळतो.

प्रथम यंत्राची बाजू पाहूं. अ‍ॅरिझोना राज्यांत अशी गाडी रस्त्यासाठीं नोंदवितां येते, व त्यासाठीं काय काय असलें पाहिजे याची यादी फार लांब नाहीं. पुढचा दिवा, मागचा दिवा, ब्रेक लावल्याची सूचना देणारा दिवा, नंबराच्या पाटीवर प्रकाश टाकणारा दिवा, लाल परावर्तक, भोंगा, आरसा, धूर व आवाज आवरणारी नळी, पेट्रोलच्या टाकीचें झांकण, स्वाराची बैठक व पाय ठेवण्याच्या दांड्या आणि अर्थात् ब्रेक. वाचतांना हें सर्व दुकानांतून आणून तासाभरांत बसवितां येईल असें वाटतें. प्रत्यक्षांत मात्र या यादींतील प्रत्येक वस्तु गाडीच्या पोटांत शिरून कांहींतरी मागूं लागते.

उदाहरणार्थ, दिवा घ्या. दिव्याला वीज हवी. शर्यतीच्या गाडींत स्टेटर नांवाचें तारांच्या वेटोळ्यांचें लहानसें जनित्र असतें. पण त्याच्यावर एकच काम सोंपविलेलें असतें, तें म्हणजे इंजिनांत ठिणगी पाडणें. साठ वॉटचा हॅलोजन दिवा त्याच्या गळ्यांत बांधला तर दिवा मिणमिणतो व ठिणगीही दुबळी पडते. म्हणून स्टेटरवर अधिक तारा गुंडाळून घ्याव्या लागतात किंवा तो बदलावा लागतो. पुढें त्या विजेची दिशा सतत पालटत असते. ती एका दिशेची करून तिचा दाब आवरणारें रेक्टिफायर-रेग्युलेटर नांवाचें उपकरण लागतें, आणि साठवणीसाठीं बॅटरी लागते. बॅटरी नसली तर इंजिन हळू चाललें कीं दिवा मंद होतो व बंद पडलें कीं काळोख. भर रस्त्यांत बंद पडलेली गाडी मागून येणाऱ्यास दिसणार नाहीं, यांत किती धोका आहे हें सांगावयास नको. एलईडी दिव्यांना वीज थोडी पुरते, त्यामुळें अलीकडे हें काम पूर्वीपेक्षां सोपें झालें आहे.

पण त्यांतही एक मौज आहे. वळण्याची सूचना देणारे दिवे मिनिटाला ६० ते १२० वेळां लुकलुकावे अशी मर्यादा अमेरिकेंत ठरलेली आहे. जुन्या पद्धतीचा लुकलुकविणारा रिले, त्यांतून वाहणाऱ्या विजेनें तापून काम करतो. एलईडी दिव्यांतून वीजच इतकी थोडी वाहते कीं तो बिचारा तापतच नाहीं, आणि दिवे लुकलुकत नाहींत किंवा भलत्याच वेगानें लुकलुकतात. तेव्हां रिलेही निराळा हवा.

ब्रेकच्या दिव्याचें असेंच. पुढचा व मागचा यांपैकीं कोणताही ब्रेक दाबला तरी तो लागला पाहिजे. रानाच्या गाडींत ही सोयच नसल्यानें ब्रेकच्या तेलाच्या नळीचा बोल्ट काढून त्या जागीं दाबानें चालणारें बटण असलेला बोल्ट बसवितात. हें काम अर्धवट झालें, नळींत हवा राहिली, तर दिवा लागेल पण ब्रेक लागणार नाहीं!

यापुढील दोष कोणत्याही यादींत नसतात. पण जाणता कारागीर त्यांचाच आधीं विचार करतो. रानाच्या टायरवर रबराचे उंच उंच ठोकळे असतात. मऊ मातींत ते रुतून पकड देतात. डांबरी रस्त्यावर मात्र केवळ त्या ठोकळ्यांचे माथे टेकतात. रस्ता ओला असला तर वळतांना व थांबतांना गाडी दगा देते. म्हणून अमेरिकेंत सार्वजनिक रस्त्यासाठीं बनविलेल्या टायरच्या बाजूवर वाहतूक खात्याची ‘डॉट’ ही अक्षरें उमटविलेली असतात, व तपासनीस तीं पाहतो. दुसरें, रस्त्याच्या गाडीच्या मागच्या चाकांत रबराच्या गाद्या असतात. इंजिनाचा प्रत्येक धक्का त्या गिळतात. रानांत चाक मातींत थोडें घसरतें आणि धक्का तेथेंच विरतो, म्हणून त्या गाडींत बहुधा गाद्या नसतात. तीच गाडी डांबरावर धांवूं लागली कीं सर्व धक्के साखळीवर व गिअरांच्या दांतांवर येतात.

तिसरें, रानाच्या गाडीचे गिअर वेगासाठीं नसून जोरासाठीं असतात. रस्त्यावर तासाला ऐशी किलोमीटरनें जातांना इंजिन एकसारखें किंचाळत राहतें. यावर उपाय म्हणून इंजिनाजवळच्या स्प्रॉकेटचे दांते वाढवितात. १३ दांत्यांऐवजीं १४ केले तर त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारें ७ टक्क्यांनीं कमी होतात. चौथें, शर्यतीच्या इंजिनांत तेल थोडें असतें, व तें किलोमीटर मोजून नव्हे तर इंजिन किती तास चाललें तें मोजून बदलावें लागतें. रोज कचेरीला जाण्याच्या कामीं अशी गाडी लावणें म्हणजे पैलवानास खुर्चीवर बसवून खर्डेघाशी करावयास लावण्यासारखें आहे.

हें सर्व एखाद्या कारखान्यानें मनापासून केलें तर काय होतें, याचा उत्तम दाखला होंडा कंपनीनें दिला. तिची ४४९ घनसेंटिमीटरची ‘सीआरएफ ४५० आर’ ही शर्यतीची गाडी प्रसिद्ध आहे. तिच्यावरूनच कंपनीनें २०१९ च्या मालिकेंत ‘सीआरएफ ४५० एल’ ही रस्त्यावर चालणारी बहीण काढली. दिवे व भोंगा तर आलेच; परंतु पांच गिअरांचे सहा झाले, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, इंजिनाचा फिरता दांडा अधिक जड करण्यांत आला. गाडीचें वजन सुमारें ११२ किलोवरून १३१ किलोवर गेलें. या १९ किलोंत दिव्याआरशांचा वांटा थोडा. बाकीचें वजन हें सभ्यपणाचें वजन आहे असें म्हटलें तरी चालेल.

आतां कायद्याची बाजू. लोकांचा सामान्य समज असा कीं, सामान पुरें झालें कीं गाडी कायदेशीर झाली. वस्तुतः सामान हा अर्धाच भाग असून उरलेला अर्धा भाग कागदांत असतो. अमेरिकेंत प्रत्येक नव्या गाडीबरोबर कारखान्याचें उत्पत्तिपत्र येतें, आणि रानाच्या गाडीच्या उत्पत्तिपत्रावर ती केवळ रस्त्याबाहेरील उपयोगासाठीं आहे असें छापलेलें असतें. त्यावरून मिळणाऱ्या मालकीपत्रांतही तोच शेरा उतरतो. तो शेरा बदलून मिळेपर्यंत गाडीला सोन्याचे दिवे लावले तरी ती रस्त्यावर परकीच. ज्या राज्यांत बदल मान्य आहे तेथें अर्ज, तपासणी, शुल्क व विमा या पायऱ्यांनीं जावें लागतें. तपासनीस सांगाड्यावर कोरलेला क्रमांक कागदाशीं ताडून पाहतो. १९८१ पासून हा क्रमांक सतरा अक्षरांचा असून त्यावरून गाडीची जात कळूं शकते.

परंतु सर्व राज्यें इतकीं उदार नाहींत. यामागचें कारण दिव्यांत नसून धुरांत आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारनें १९६६ सालीं वाहनांच्या सुरक्षिततेचा कायदा केला व १९७० सालीं हवेच्या शुद्धतेचा. रस्त्यावरील मोटारसायकलींच्या धुराला १९७८ च्या गाड्यांपासून मर्यादा लागली. रानांतील गाड्यांना ती २००६ च्या गाड्यांपासून लागली, आणि निव्वळ शर्यतीसाठीं बनविलेल्या गाड्या तींतूनही सुटल्या. आवाजाचेंही तेंच. १९८६ पासून रस्त्याच्या गाडीला ८० डेसिबलची मर्यादा, तर मोठ्या रानगाडीला ८२ ची. म्हणजे दोन्ही गाड्या एकाच शेजारीं उभ्या असल्या तरी त्यांची परीक्षा निरनिराळ्या पुस्तकांवरून झालेली असते. मालकानें घरच्या घरीं दिवा बसविला म्हणून इंजिनाचा धूर शुद्ध होत नाहीं.

कॅलिफोर्नियानें हा मुद्दा सर्वांत कसोशीनें धरला. तेथील हवेचा प्रश्न जुना आहे. त्या राज्यानें १९७१ सालीं रानगाड्यांसाठीं स्वतंत्र कायदा केला व १९९४ सालीं त्यांच्या धुरासाठीं स्वतःचे नियम ठरविले. नियमांत बसणाऱ्या गाडीला हिरवी पट्टी आणि न बसणारीला लाल पट्टी मिळूं लागली. लाल पट्टीच्या गाडीला कित्येक ठिकाणीं वर्षांतील ठराविक महिन्यांतच फिरण्याची मुभा असे. २०२२ च्या गाड्यांपासून लाल पट्टी देणेंच बंद झालें. ज्या गाडीवर ती रस्त्याच्या धूरनियमांत बसते असें कारखान्याचें लेबल नाहीं, तिला तेथें रस्त्याची नोंदणी मिळत नाहीं. अशा रीतीनें एकच गाडी कोलोरॅडो नदीच्या पूर्वतीरावर नोंदली जाऊं शकते व पश्चिमतीरावर नाहीं.

या प्रश्नाचा आपल्याशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो वाढत आहे. जानेवारी २०२४ मध्यें पुण्यास बालेवाडीच्या क्रीडासंकुलांत सुपरक्रॉसच्या शर्यती झाल्या. परदेशी बनावटीच्या डर्ट बाइक आतां आपल्याकडेही विकत मिळतात. आणि मुलांच्या हातांतील फोनवर रोज अशा गाड्यांच्या कसरती दिसतात. ‘दिवे लावून देतों, नंबर मिळेल’ असें सांगणारा कारागीरही भेटतो. अशा वेळीं दोन्ही देशांच्या कायद्यांतील भेद ध्यानांत ठेवणें अगत्याचें आहे.

भारतांत १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें नोंदणीशिवाय कोणतेंही मोटार वाहन सार्वजनिक ठिकाणीं चालवितां येत नाहीं. आणि नोंदणीचा पाया एकट्या गाडीची तपासणी हा नसून त्या जातीच्या गाडीची मान्यता हा आहे. कारखान्यानें आपला नमुना अधिकृत संस्थेकडे परीक्षेसाठीं पाठवावयाचा असतो. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही अशा संस्थांपैकीं एक. धूर, ब्रेक, दिवे, आवाज अशा सर्व कसोट्यांवर नमुना उतरला म्हणजे त्यासारख्या सर्व गाड्यांना नोंदणीचें दार उघडतें. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे धूरनियम लागू झाले. १२५ घनसेंटिमीटरवरील दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस ब्रेक आवश्यक झाले. ज्या रानगाडीच्या नमुन्याची ही परीक्षा झालीच नाहीं, तिच्या मालकानें वैयक्तिक रीत्या कितीही सामान चढविलें तरी त्याला हें दार उघडतां येत नाहीं.

यावर कोणी अशी युक्ति काढील कीं, नोंदलेली साधी गाडी घेऊन तिचीच रानगाडी बनवावी. ती वाटही बंद आहे. कायद्याच्या बावन्नाव्या कलमाप्रमाणें नोंदणीपत्रांतील मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार करतां येत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ च्या निकालांत हाच अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें असा फेरफार करणाऱ्या मालकासाठीं शिक्षेची निराळी तरतूद झाली.

शिक्षेपेक्षांही विचार करण्याजोगी गोष्ट दुसरीच आहे. रस्त्यावर त्रयस्थाला इजा झाली तर भरपाई विमा कंपनीनें द्यावी यासाठीं विमा सक्तीचा केलेला आहे. नोंदणी नसलेल्या गाडीला असा विमा मिळत नाहीं. मग एखाद्या म्हाताऱ्या माणसाला किंवा शाळेंतून परतणाऱ्या मुलाला धक्का लागून तें जायबंदी झालें, तर न्यायाधिकरण जी रक्कम ठरवील ती मालकाच्या खिशांतून, म्हणजे बहुधा घरादारांतून, द्यावी लागते. चालविणारा अठरा वर्षांच्या आंतील असेल तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें पालक अगर गाडीचा मालक स्वतः दोषी धरला जातो. आणि ज्याला इजा झाली त्याची स्थिति याहून कठीण. कारण देणाऱ्यापाशींच कांहीं नसेल तर हुकूमनाम्याचा कागद त्याच्या औषधपाण्याला पुरत नाहीं.

मग रानाची हौस असलेल्या तरुणानें काय करावें? मार्ग आहेत. दोन्ही वाटांना चालणारी गाडी ही कल्पना नवी नाहीं. यामाहा कंपनीच्या १९६८ च्या ‘डीटी-१’ या गाडीनें ती अमेरिकेंत घरोघर पोंचविली. आपल्याकडे रॉयल एन्फील्डची ‘हिमालयन’ २०१६ सालीं व हीरोची ‘एक्सपल्स २००’ २०१९ सालीं आली. या गाड्या कारखान्यांतूनच दोन्ही परीक्षा देऊन निघाल्या आहेत. त्यांचें वजन शर्यतीच्या गाडीहून अधिक, उडी कमी. पण त्यांच्या पाठीशीं नोंदणी व विमा असतो. ज्याला खरी रानगाडीच हवी, त्यानें ती दुसऱ्या वाहनावर चढवून खाजगी मैदानांत अगर शिकवणीच्या आखाड्यांत न्यावी, छातीला व गुडघ्यांना कवचें बांधावीं, आणि मनसोक्त धुरळा उडवावा. विकत घेण्यापूर्वीं दुकानदारास एकच प्रश्न विचारावा: ‘या गाडीची नोंदणी होते काय?’ उत्तर तोंडीं न घेतां कागदावर पाहावें.

रस्ता सर्वांचा आहे. त्यावर येणाऱ्या वाहनानें आपण कोण, कोणाचें, कोठें वळणार व केव्हां थांबणार हें इतरांस सांगितलें पाहिजे. दिवा, भोंगा, आरसा व नंबराची पाटी हीं त्या सांगण्याचीं साधनें होत, आणि नोंदणी ही त्या सांगण्याची हमी होय. हमीवांचून नुसतीं साधनें लावलीं तर गाडी रस्त्याच्या गाडीसारखी दिसेल. ती रस्त्याची होणार नाहीं.