जिथे जेवण हीच कला झाली

चित्रदालनाच्या दारात आपल्यासारख्या कष्टकरी माणसाची पावले अडखळतात. 'आपल्याला काय कळणार?' म्हणून आपण मागे फिरतो. आत गेलोच तर हात मागे बांधून, गुपचूप पाहून बाहेर पडतो.

१९९२ साली न्यूयॉर्कच्या '३०३ गॅलरी'त रिर्क्रित तिरावानिजा या थाई कलावंताने ही रीत मोडली. कचेरीतले सामान त्याने पुढच्या दालनात आणून ठेवले, रिकाम्या खोलीत शेगडी मांडली आणि येईल त्याला थाई रस्साभात फुकट वाढला. अनोळखी माणसे शेजारी बसून जेवली, बोलली. तीच त्याची कलाकृती! २०११ मध्ये तिथल्याच आधुनिक कला संग्रहालयात ती पुन्हा मांडली गेली.

क्लेअर बिशप या समीक्षिकेने २००४ साली अशा कलेवर नेमके बोट ठेवले. इथे जमणारी माणसे बहुधा कलेच्याच वर्तुळातली. मग ही जवळीक कोणाची?

कोण कोणाच्या पंगतीला बसतो, यावर जिथे माणसाची किंमत ठरवली गेली, तिथे आपल्याला या वाढण्याचा अर्थ सांगावा लागत नाही. पण नुसते दार उघडे असून भागत नाही. उंबरा ओलांडावा लागतो. तेव्हा मुलांचा हात धरून आत जाऊ या. न कळले तर विचारू या. विचारण्यात कसली लाज?