पडद्याकडे डोळे, छातीवर हात

हृदय थांबून कोसळलेल्या माणसाच्या छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवायची, दुसरा हात त्यावर, कोपरं ताठ. आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायचं. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, कारण हृदय तेव्हाच पुन्हा भरतं. एवढ्यानं नेहमीच्या पाव ते एक तृतीयांश रक्तच वाहतं, पण मेंदू तगायला तेवढ्याचाही आधार होतो! १९६० साली जॉन्स हॉपकिन्सच्या कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी जगाला दाखवून दिलं, की यासाठी फक्त दोन हात पुरतात.

ते हात एखादा व्हिडिओ घडवू शकतो, हे मला त्याहून नवलाचं वाटतं. १९९७ साली अमेरिकेत ३४ मिनिटांच्या व्हिडिओवर शिकलेल्यांची पारंपरिक वर्गात शिकलेल्यांशी तुलना झाली, आणि व्हिडिओवाले सरस ठरले. २००५मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननं २२ मिनिटांची फिल्म आणि फुगवायची बाहुली एकाच संचात दिली.

हे जमतं, कारण विद्यार्थी नुसता बघत बसत नाही. पडद्यावरचे हात दाबतात त्याच क्षणी त्याचेही हात बाहुलीवर दाबत असतात. वेग सांगून समजत नाही, तो असा दंडात उतरतो. दोन मिनिटांत खांदे भरून आले, की दर दोन मिनिटांनी माणूस का बदलायचा हेही शरीरालाच कळतं. शेकडो विद्यार्थी आणि मोजके प्रशिक्षक असलेल्या विद्यापीठात हे फार मोलाचं आहे.

आणखी एक गोष्ट व्हिडिओच नीट दाखवू शकतो. हृदय बंद पडल्यावरही काही जण अधूनमधून आचके देत हवा ओढतात. बघणाऱ्याला वाटतं, श्वास चालू आहे. आणि मोलाची मिनिटं हातची जातात. हे दृश्य एकदा पाहिलेला विद्यार्थी फसण्याची शक्यता कमी.

खोली मात्र पडदा शिकवत नाही. त्यासाठी बाहुली हवीच. दाब पुरेसा झाला की ‘टक्’ करणारी असेल तर उत्तम. शिकलेलं हे कौशल्य काही महिन्यांतच पुसट होऊ लागतं. म्हणून तीच फिल्म फोनमध्ये ठेवावी, दर सत्राच्या सुरुवातीला वर्गातली बाहुली बाहेर काढावी, आणि १०८ किंवा ११२ला फोन लावून स्पीकर चालू ठेवण्याचीही त्यासोबत तालीम करावी.