फवारणी-पंपांतील अ‍ॅसिटल : गुण, दोष व उपयोग

वऱ्हाडांतील कास्तकार बैल दांत पाहून घेतो, बियाणें पारखून घेतो. परंतु पाठीवरील पंपाचें नोझल कशाचें आहे, हें दुकानांत क्वचितच विचारतो. इ. स. २०१७ च्या खरिपांत शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत पऱ्हाटीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. त्या अनर्थाचीं कारणें अनेक होतीं; तथापि आपल्या अंगावर विष गळूं न देणें हें तरी आपल्या हातचें आहे. सबब या लहानशा वस्तूविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्ही योजिलें आहे.

हल्लीं पुष्कळ नोझलें अ‍ॅसिटल नांवाच्या प्लॅस्टिकचीं असतात. फॉर्माल्डिहाइडपासून होणारा हा पदार्थ अमेरिकेंतील ड्युपाँ कंपनीनें इ. स. १९६० च्या सुमारास बाजारांत आणिला. थिजतांना याचे बहुतेक रेणू खडीसाखरेच्या स्फटिकाप्रमाणें शिस्तीनें रचिले जातात व कांहीं भाग सैल राहतो. म्हणून यास अर्धस्फटिकी म्हणतात. शिस्तीच्या भागामुळें कठीणपणा येतो, सैल भागामुळें चिवटपणा.

नायलॉन पाणी शोषून किंचित् फुगतें. अ‍ॅसिटल फारच थोडें शोषितें, त्यामुळें भोंकाचें माप टिकतें. वजन पितळेच्या सहाव्या हिश्श्याइतकें. तें सुमारें १६५ ते १७५ अंशांवर वितळतें. सबब अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढें गेला तरी वितळण्याची भीति नाहीं. पाण्यांत मिसळावयाच्या भुकटीच्या कणांनीं पितळ लवकर झिजतें, अ‍ॅसिटल त्याहून अधिक टिकतें.

आतां दोष. तीव्र अम्ल व क्लोरीन यांस सोसत नाहींत. संत्र्याच्या बागेंतील ठिबकच्या नळ्या धुण्याचें अम्ल या पंपांत घालूं नये, नोझल ब्लीचिंग पावडरच्या पाण्यांत भिजत ठेवूं नये. सतत उन्हांत राहिल्यास तें ठिसूळ होतें. यास्तव पंप सावलींत ठेवावा. तुटके तुकडे चुलींत टाकूं नयेत. ज्वाला जेमतेम दिसते आणि धुरांत विषारी वायु असतो.

झीज डोळ्यांस दिसत नाहीं, ती मापानें कळते. नवें नोझल बसवून साध्या पाण्यानें एक मिनिट फवारा मापपात्रांत धरावा व आंकडा लिहून ठेवावा. तो ६०० मिलिलिटर असेल व पुढें त्याच दाबानें ६६० भरूं लागला, तर एक दशांश औषध अधिक सांडत आहे असें समजून नोझल बदलावें. भोंक बुजल्यास तारेनें कोरूं नये, तोंडानें तर कधींच फुंकूं नये; मऊ कुंचल्यानें साफ करावें.

मात्र उत्तम नोझलहि गळका पंप सुधारीत नाहीं. रबरी वायसर दर हंगामास बदलावेत, हातमोजे घालावेत व वाऱ्याकडे पाठ करून फवारावें. पंप मजुराच्या पाठीवर असला, तरी त्याची जबाबदारी वावराच्या धन्यावर आहे, हें आमच्या वाचकांनीं विसरूं नये.