डॅफ्निया लुमहोल्त्झी : उष्णकटिबंधीय जलपिसूचे वितरण व अधिवास

डॅफ्निया लुमहोल्त्झी ही क्लॅडोसेरा गटातील जलपिसू आफ्रिका, दक्षिण आशिया व ऑस्ट्रेलिया येथील उष्ण गोड्या पाण्यात आढळते. भक्षक माशांच्या सान्निध्यात तिचे शीर्षकंटक व पुच्छकंटक अधिक लांब होतात. प्रतिकूल काळात ती एफिपियम या आवरणात सुप्त अंडी सोडते. ती गाळात टिकून राहतात. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ जी. ओ. सार्स यांनी १८८५ मध्ये या जातीचे वर्णन केले, तेही ऑस्ट्रेलियातून आणलेल्या वाळलेल्या चिखलातून वाढविलेल्या नमुन्यांवरून. हदगाव तालुक्यातील उन्हाळ्यात आटणाऱ्या तलावांच्या सर्वेक्षणात ही बाब महत्त्वाची ठरते. पाण्याच्या एका नमुन्यात जाती आढळली नाही, म्हणून ती तेथे नाही असा निष्कर्ष निघत नाही. त्यासाठी तळातील गाळ तपासणे आणि पावसाळ्यानंतर पुन्हा नमुने घेणे आवश्यक आहे.