मोटार एकच, मग वेळ वेगळी का?

तुमच्या शाळेचा रिले शर्यतीचा संघ डोळ्यांपुढे आणा. चौघांपैकी तिघे चपळ आहेत. चौथा अजून कच्चा आहे. स्पर्धेला महिना उरला आहे. सरावाचा अधिक वेळ सरांनी कोणाला द्यावा? सर्वांत चपळ मुलाला, की सर्वांत मागे पडणाऱ्याला? उत्तर लगेच देऊ नका. हाच प्रश्न मोटारींच्या एका मोठ्या शर्यतीत कसा सोडवतात, ते आधी पाहू.

फ्रान्समधील ल मां या शहरी १९२३ सालापासून चोवीस तासांची प्रसिद्ध मोटार-शर्यत भरत आली आहे. त्याच परंपरेतली, पण आशिया खंडासाठी असलेली एक मालिका आहे. तिचे नाव एशियन ल मां सीरिज. २०२४-२५ च्या हंगामात मलेशियातील सेपांग, दुबई आणि अबुधाबी येथे प्रत्येकी दोन, अशा तिच्या सहा शर्यती झाल्या. प्रत्येक शर्यत चार तासांची असते. एकाच मोटारीत दोघे किंवा तिघे चालक आळीपाळीने बसतात. आपल्या देशाचाही तिच्याशी संबंध आला आहे. २०२१ साली रेसिंग टीम इंडिया हा संघ या मालिकेत उतरला होता. फॉर्म्युला वन शर्यतीत भाग घेणारे पहिले भारतीय नारायण कार्तिकेयन, तरुण चालक अर्जुन मैनी आणि नवीन राव हे तिघे एकच मोटार चालवीत होते.

या मालिकेतला एक नियम मोठा गमतीचा आहे. मोटार-खेळाचा जागतिक महासंघ चालकांच्या प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर आणि ब्राँझ अशा चार श्रेणी करतो. पहिल्या दोन श्रेणींत कसलेले व्यावसायिक येतात. ब्राँझ श्रेणीत प्रामुख्याने हौशी मंडळी असतात. त्यांचा पोटापाण्याचा उद्योग वेगळाच असतो, आणि त्यांतले कित्येक जण तिशी उलटल्यावर शर्यतीकडे वळलेले असतात. संघाच्या खर्चाचा मोठा वाटाही बहुधा तेच उचलतात. नियम असा, की प्रत्येक मोटारीच्या चालकांत निदान एक ब्राँझ श्रेणीचा असलाच पाहिजे, आणि त्याने ठरावीक किमान वेळ मोटार चालवलीच पाहिजे. म्हणजे हौशी चालकाला नुसते नावापुरते संघात ठेवता येत नाही.

आता नवल पाहा. मोटार तीच, इंजिन तेच, टायरही तशाच जातीचे. तरी हौशी चालकाची एक फेरी व्यावसायिकाच्या फेरीपेक्षा सहज एक-दोन सेकंदांनी लांबते. सरळ रस्त्यावर दोघांनाही पाय दाबून ठेवण्यापलीकडे फारसे काही करायचे नसते. तिथे दोघांचा वेग जवळजवळ सारखाच. मग हे सेकंद जातात कुठे?

ब्रेक दाबताना

त्यासाठी थोडे गणित करू. समजा, १००० किलोग्रॅम वस्तुमानाची मोटार ताशी २७० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ७५ मीटर वेगाने वळणाकडे येत आहे. वळणापाशी तिचा वेग सेकंदाला २५ मीटर व्हायला हवा. गतिज ऊर्जेचे सूत्र तुम्हाला ठाऊक आहेच : वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. सुरुवातीची ऊर्जा सुमारे २८ लाख ज्यूल भरते, शेवटची सुमारे ३ लाख. मधल्या २५ लाख ज्यूल ऊर्जेतली बहुतेक ब्रेकमध्ये उष्णता होऊन बाहेर पडते. एवढ्या उष्णतेने ३० अंश सेल्सिअस तापमानाचे साडेआठ लिटर पाणी उकळीला येईल! आणि हे सारे घडते दोन-अडीच सेकंदांत.

व्यावसायिक चालक दर सेकंदाला २५ मीटर प्रति सेकंद या दराने वेग कमी करतो असे समजा. त्याला दोन सेकंद आणि १०० मीटर अंतर लागेल. हौशी चालक जरा बिचकतो. त्याचा दर २० धरला, तर त्याला अडीच सेकंद आणि १२५ मीटर लागतील. म्हणजे त्याने २५ मीटर आधीच ब्रेक दाबला. तेवढे २५ मीटर व्यावसायिकाने पूर्ण वेगाने ०.३३ सेकंदात पार केले. दोघांच्या वेळांची बेरीज करा : एकाची २.३३ सेकंद, दुसऱ्याची २.५० सेकंद. फरक ०.१७ सेकंदाचा. पापणी लवायला लागणाऱ्या वेळेहून तो फारसा जास्त नाही!

यानंतर येते वळण. ४० मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळाकार वळणाची लांबी सुमारे १२६ मीटर असते. सेकंदाला २५ मीटर वेगाने ते ५.०४ सेकंदांत पार होते, २४ मीटर वेगाने ५.२५ सेकंदांत. आणखी ०.२१ सेकंद गेले. दोन्ही मिळून ०.३८ सेकंद. अशी पाच वळणे आली की फेरीमागे जवळजवळ दोन सेकंदांचा हिशोब लागला.

भीती आणि पकड

आता तुम्ही म्हणाल, हौशी चालकाने थोडे धाडस दाखवावे, म्हणजे झाले! पण हा प्रश्न नुसत्या धाडसाचा नाही.

या मोटारींचा आकार असा असतो, की वाहती हवा त्यांना जमिनीवर दाबते. विमानाचा पंख उचलतो, इथे पंख खाली दाबतो. हे दाबणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग तिप्पट, तर बल नऊपट. त्यामुळे वेग जास्त असताना टायर रस्त्याला घट्ट धरून असतात आणि वेग उतरेल तशी ती पकड सैल होत जाते. म्हणून कसलेला चालक सुरुवातीलाच ब्रेक सर्वांत जोराने दाबतो आणि मग हळूहळू सैल सोडतो. नवशिक्याचा पाय नेमके उलटे करतो. आधी जपून दाबतो, वळण जवळ येताच घाबरून जोर वाढवतो. तोवर हवेचा आधार गेलेला असतो. चाके फिरायची थांबतात आणि घसरू लागतात. घसरत्या टायरचे घर्षण न घसरणाऱ्या टायरपेक्षा कमी असते, हे तुम्ही शिकलाच आहात. मग मोटार थांबतही नाही आणि वळतही नाही.

दुसरी गोष्ट. टायरजवळ पकडीची शिल्लक ठरावीकच असते. ती थांबण्यासाठी खर्च करा किंवा वळण्यासाठी. पण ही वजाबाकी साधी नाही, ती पायथागोरसच्या नियमाने होते. एकूण पकड १५ मानली आणि थांबण्यासाठी ९ वापरली, तर वळण्यासाठी ६ नव्हे, १२ उरते. कारण ९ आणि १२ यांच्या वर्गांची बेरीज १५ च्या वर्गाइतकी होते. कसलेला चालक वळणात शिरताना थांबण्याचा खर्च कमी करीत वळण्याचा वाढवीत नेतो, आणि टायरला क्षणभरही रिकामे बसू देत नाही. हौशी चालक आधी थांबतो, ब्रेक पुरता सोडतो आणि मग वळतो. मधल्या क्षणात टायर काहीच काम करीत नाही.

आलेख शिकवतो

हे त्याला कळावे कसे? मोटारीत बसवलेली उपकरणे वेग, ब्रेकचा दाब आणि स्टिअरिंगचा कोन सतत नोंदवीत असतात. आडव्या अक्षावर अंतर आणि उभ्या अक्षावर वेग घेऊन दोघांचे आलेख एकावर एक ठेवतात. बऱ्याच ठिकाणी रेषा एकमेकींवर बसतात. काही ठिकाणी त्यांच्यात फट दिसते. सगळा गृहपाठ त्या फटीत असतो! व्यावसायिक चालक शेजारी बसून एकेका वळणावर बोट ठेवतो : इथे तू २५ मीटर आधी दाबलास, इथे ब्रेक पुरता सोडून दिलास. शर्यतीत जो सहकारी, तोच इथे शिक्षक.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. समजा, तुमच्या संघाचा व्यावसायिक चालक प्रतिस्पर्ध्याच्या व्यावसायिकापेक्षा फेरीमागे ०.३ सेकंद वेगवान आहे. चाळीस फेऱ्यांत त्याने १२ सेकंद कमावले. पण तुमचा हौशी चालक त्यांच्या हौशी चालकापेक्षा २ सेकंदांनी मंद असेल, तर त्याच्या चाळीस फेऱ्यांत ८० सेकंद गेले. निष्णात माणसाकडे सुधारायला फारसे काही उरलेले नसते. शिकणाऱ्याकडे भरपूर असते. म्हणून शहाणा संघ सरावाचा वेळ हौशी चालकावर खर्च करतो. रिलेच्या संघालाही हेच लागू नाही का?

यातला एक धडा रस्त्यावरही कामी येतो. वेग दुप्पट झाला, तर तेवढ्याच जोराने ब्रेक दाबूनही थांबायला चौपट अंतर लागते. शर्यतीच्या मैदानात वळणाबाहेर मोकळी जागा राखलेली असते, चालकाच्या अंगावर पट्टे आणि डोक्यावर शिरस्त्राण असते. आपल्या रस्त्यावर वळणापलीकडे शाळेतून घरी निघालेली मुले असतात. म्हणून शर्यत मैदानातच शोभते.

करून पाहा

खो-खोच्या मैदानावर जा. खांबाच्या दहा मीटर अलीकडे फक्कीची रेघ मारा. एका मित्राने त्या रेघेपाशी स्टॉपवॉच घेऊन उभे राहावे. नेहमी खो-खो खेळणाऱ्या आणि न खेळणाऱ्या अशा दोघांना पाळीपाळीने लांबून धावत आणा, खांबाला वळसा घालून परत रेघेपर्यंत येऊ द्या. रेघ ओलांडून जाण्यापासून ती पुन्हा ओलांडून येण्यापर्यंतचा वेळ मोजा. मग त्याच दोघांना वीस मीटर सरळ धावायला लावून तोही वेळ मोजा. प्रत्येक प्रयोग पाच वेळा करून सरासरी काढा. दोघांमधला फरक सरळ धावण्यात जास्त येतो, की खांबाच्या वळशात? आकडे वहीत मांडा आणि मागे पडणाऱ्या मित्राला दाखवा. खांबापाशी वेग कुठे कमी करायचा आणि हात कधी टाकायचा, हे पुढे असलेल्याने त्याला समजावून सांगावे. आठवड्याने पुन्हा मोजा.