जीवनसत्त्वांचाही हिशेब हवा

कंपवाताचा पहिला संकेत कित्येकदा वहीतच उमटतो. चाळीस वर्षे पेढीवर बसून रोजकीर्द लिहिणाऱ्या हाताचे अक्षर ओळीच्या शेवटी बारीक होत जाते. धनादेशावरील सही बँकेतील नमुन्याशी जुळेनाशी होते. पुढे जपमाळेचे मणी ओढावेत तशी अंगठा आणि तर्जनी विनाकारण हलू लागतात, पावले आखूड पडतात, चेहऱ्यावरील हास्य मावळते. तपासणीअंती निदान होते : कंपवात, अर्थात पार्किन्सन्स.

त्यानंतर घरात औषधांबरोबर शुभचिंतकांच्या भेटीही येऊ लागतात. कोणी परदेशातून जीवनसत्त्वांची मोठी बाटली आणतो, कोणी ‘नसांच्या ताकदीची’ गोळी सुचवितो, कोणी अशक्तपणावर लोहाची गोळी देतो. या साऱ्यामागे एकच समजूत असते : औषधाने अपाय होईल एक वेळ, पण जीवनसत्त्व म्हणजे अन्नच, त्याने काय बिघडणार? कंपवाताच्या रुग्णाबाबत नेमकी हीच समजूत महागात पडू शकते.

औषधाचा प्रवास

लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या व्याधीचे पहिले सविस्तर वर्णन केले. मेंदूच्या एका लहानशा भागातील डोपामीन निर्माण करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात आणि शरीराच्या हालचालींवरील ताबा सुटत जातो, हे कळण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले. बाहेरून दिलेले डोपामीन मेंदूत शिरू शकत नाही. म्हणून लेव्होडोपा हे द्रव्य देतात. ते मेंदूत पोहोचून तेथे डोपामीन बनते. आजही या व्याधीवरील हे प्रमुख औषध आहे.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस हे औषध नव्याने वापरात आले, तेव्हा एक विचित्र अनुभव येऊ लागला. उत्तम गुण आलेल्या रुग्णाने ब जीवनसत्त्वांची गोळी सुरू केली, की हातापायांचा ताठरपणा परत येई. दोष ‘बी-६’ या जीवनसत्त्वाचा होता. लेव्होडोपाचे डोपामीनमध्ये रूपांतर करणाऱ्या विकराला बी-६ चे साहाय्य लागते. ते विपुल मिळाल्याने रूपांतर मेंदूत पोहोचण्यापूर्वीच, वाटेतच होऊन जाई. माल दुकानात येण्याआधी रस्त्यातच विकला जावा, तसा हा प्रकार होता. पुढे लेव्होडोपासोबत कार्बिडोपा देण्याची पद्धत आली आणि ही गळती बरीचशी थांबली. आजच्या गोळ्यांत सहसा असे जोडद्रव्य असते. त्यामुळे आहारातील किंवा साध्या गोळीतील बी-६ ची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

एकच लक्षण, दोन उलट कारणे

प्रश्न मोठ्या मात्रेचा आहे. प्रौढ व्यक्तीस दिवसाला सुमारे दीड मिलिग्रॅम बी-६ पुरते. बाजारातील काही गोळ्यांत ते याच्या कितीतरी पट असते. दीर्घकाळ अशी मात्रा घेतल्यास संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंना इजा होते. पाय बधिर होतात, मुंग्या येतात, तोल जातो.

हीच लक्षणे ‘बी-१२’ च्या कमतरतेनेही दिसतात, आणि येथे जैन कुटुंबांनी विशेष सावध असावयास हवे. बी-१२ वनस्पतिज आहारातून जवळजवळ मिळत नाही. शाकाहारी घरात दूध, दही, ताक हाच त्याचा आधार. ज्यांनी दूधही सोडले आहे त्यांना तोही नाही. मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तावरील काही गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास त्याचे शोषण आणखी घटते. लेव्होडोपाच्या पचनक्रियेतही शरीरातील बी-१२ व फॉलिक आम्लाशी निगडित साठ्यावर भार पडतो.

पाय बधिर झाले की घरचे म्हणतात, ‘व्याधी वाढली.’ आणि आणखी एक गोळी वाढते. कारण बी-१२ ची तूट असेल तर नुकसान चालूच राहते. कारण बी-६ चा अतिरेक असेल तर नव्या गोळीने तो वाढतो. केवळ फॉलिक आम्ल दिल्यास रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो. पण बी-१२ अभावी मज्जातंतूंची हानी आतून सुरूच राहते. म्हणून अंदाजाने गोळी घेण्यापेक्षा रक्ततपासणी करून घ्यावी.

सूर्यास्तापूर्वीची मूठभर गोळ्या

लोह आतड्यात लेव्होडोपाला चिकटते आणि त्याचे शोषण कमी करते. बहुजीवनसत्त्वाच्या अनेक गोळ्यांतही लोह असते. म्हणून दोहोंत किमान दोन तासांचे अंतर राखावयास सांगतात. चौविहार पाळणाऱ्या घरांत मात्र सायंकाळच्या साऱ्या गोळ्या सूर्यास्तापूर्वी एकाच वेळी, एकाच मुठीत घेतल्या जातात. लोह आणि लेव्होडोपा यांची गाठ तेथेच पडते. रुग्ण म्हणतो, ‘सायंकाळची गोळी लागूच पडत नाही’; आणि मात्रा वाढविण्याचा विचार सुरू होतो. वास्तविक लोहाची गोळी दुपारच्या दोन मात्रांच्या मध्यावर सरकविली, तर प्रश्न सुटण्याची शक्यता असते.

प्रथिनांचेही असेच आहे. डाळ, पनीर, दूध यांतील प्रथिने लेव्होडोपाशी शोषणात स्पर्धा करतात. म्हणून गोळी बहुधा जेवणापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावयास सांगतात. उपवास, आयंबिल वा पर्युषणाच्या काळात औषधाचे वेळापत्रक आधीच डॉक्टरांशी ठरवून घ्यावे. लेव्होडोपा अचानक बंद केल्यास अंग ताठरणे, तीव्र ज्वर आणि शुद्ध हरपणे अशी जीवघेणी अवस्था क्वचित ओढवते.

अधिक म्हणजे उत्तम नव्हे

‘ई’ जीवनसत्त्वाने व्याधीची गती मंदावेल, ही आशा एके काळी मोठी होती. अमेरिका आणि कॅनडात ८०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत दररोज २,००० एकक ई जीवनसत्त्व देऊन पाहिले गेले. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार लाभ आढळला नाही. उलट रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत मोठ्या मात्रेतील ई मुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. कोएन्झाइम क्यू-१० ची ६०० रुग्णांवरील चाचणीही २०१४ मध्ये निष्फळ ठरली.

‘डी’ ची गोष्ट निराळी. त्याची कमतरता भरून काढणे हाडांसाठी आवश्यक असते. परंतु आठवड्यातून एकदा घ्यावयाची ६०,००० एककांची पुडी चुकून रोज घेतली, तर रक्तातील कॅल्शियम वाढते. तहान, बद्धकोष्ठ, गळाठा आणि बुद्धिभ्रम दिसू लागतात. हीदेखील व्याधी वाढल्याचीच लक्षणे भासतात. खाजकुइलीच्या बियांत तर निसर्गतःच लेव्होडोपा असते; तिचे चूर्ण गोळीसोबत परस्पर घेणे म्हणजे मात्रा नकळत वाढविणे होय.

वहीत एक पान

कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे तर नाही ना, हे जैन घरांत कटाक्षाने पाहिले जाते. तितक्याच कटाक्षाने वेष्टनावरील मात्राही वाचली जावी. रुग्णासाठी एक वही ठेवावी. गोळीचे नाव, मात्रा, वेळ, जेवणाची वेळ आणि अंग मोकळे राहिल्याचे तास, एवढे रकाने पुरतात. डॉक्टरांनी लिहिलेले औषध आणि भाच्याने आणलेले जीवनसत्त्व, दोन्ही एकाच पानावर यावे. आणि हे पान प्रत्येक भेटीत डॉक्टरांपुढे ठेवावे. डॉक्टरांना विचारल्यावाचून काही सुरू करू नये आणि काही बंदही करू नये.

ज्यांनी आयुष्यभर पै-पैचा हिशेब स्वतःच्या हाताने मांडला, त्यांचा हात आज थरथरतो आहे. ती वही आता घरच्या कोणीतरी लिहावयास घ्यावी.