पराधीन राज्यांचे कारभारी (लेखांक सातवा): सालारजंग आणि परत मिळालेले धाराशिव

मागील लेखांकात कोरियन साम्राज्याचे अखेरचे पंतप्रधान यी वान-योंग यांच्या कारकिर्दीचा विचार झाला. कोरियाचा परराष्ट्रव्यवहार जपानच्या हाती सोपवणाऱ्या 17 नोव्हेंबर 1905 च्या कराराला संमती देणाऱ्या पाच मंत्र्यांपैकी ते एक होते; 1907 मध्ये सम्राट कोजोंग यांना गादी सोडावी लागली तेव्हा पंतप्रधानपद त्यांच्याकडे होते; आणि 22 ऑगस्ट 1910 रोजी विलीनीकरणाच्या करारावर जपानतर्फे तेराउची मासाताके यांची आणि कोरियातर्फे यी यांचीच स्वाक्षरी झाली. दुबळ्या राज्याचा अधिकारारूढ कारभारी बलाढ्य सत्तेशी हातमिळवणी करतो, तेव्हा त्याच्या राज्याच्या पदरात काय पडते आणि ते कशावर ठरते, हा त्या लेखांकाच्या अखेरीस उरलेला प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी धाराशिव जिल्ह्याच्या वाचकाला फार दूर जावे लागत नाही, कारण एका कारभाऱ्याच्या परनिष्ठेचे बक्षीस म्हणून एका राज्याकडून दुसऱ्या राज्याकडे गेलेल्या मुलखांत त्याचाच जिल्हा होता.

महाराष्ट्रात अशा प्रसंगी पहिले नाव निघते ते बाळाजीपंत नातू यांचे. 17 नोव्हेंबर 1817 रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण त्यांच्या हस्ते चढले आणि तेवढ्या एका कृत्याने त्यांचे नाव कायमचे डागाळले. परंतु नातू त्या वेळी इंग्रजांचे पुण्यातील प्रतिनिधी एल्फिन्स्टन यांच्या बाजूने काम करत होते, पेशव्यांचे कारभारी म्हणून नव्हे, त्यामुळे यी यांच्याशी त्यांची तुलना फार पुढे नेता येत नाही. हैदराबादचे दिवाण मीर तुराब अली खान, म्हणजेच पहिले सालारजंग, यांची गोष्ट वेगळी आहे. ते राज्याच्या सर्वोच्च पदावर होते, राज्याच्या नावाने बोलण्याचा अधिकार त्यांना होता, आणि 1857 च्या उन्हाळ्यात दक्षिणेतील सर्वांत मोठे संस्थान कोणत्या बाजूला उभे राहणार हे बऱ्याच अंशी त्यांच्या निर्णयावर अवलंबून होते.

त्या निर्णयाची पार्श्वभूमी कर्जाची आहे. तैनाती फौजेच्या पद्धतीत संस्थानिकाने ईस्ट इंडिया कंपनीची फौज आपल्या मुलखात ठेवायची, तिचा खर्च सोसायचा आणि त्याबदली संरक्षण मिळवायचे, असा व्यवहार असे. हैदराबादमध्ये या फौजेशिवाय आणखी एक फौज उभी राहिली. निजामाच्या पैशावर चालणारी, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील ही फौज हैदराबाद कंटिंजंट म्हणून ओळखली जाते. तिला आरंभी रेसिडेंट हेन्री रसेल यांचे नाव होते. रेसिडेंट म्हणजे संस्थानिकाच्या दरबारी राहणारा कंपनीचा प्रतिनिधी. नावाने वकील, व्यवहारात बहुधा दिवाणाचाही वरिष्ठ. या फौजेचा पगार भागवण्यासाठी निजामाचे कारभारी राजा चंदुलाल यांनी विल्यम पामर यांच्या पेढीकडून जबर व्याजाने रकमा उचलल्या. पुढे त्या पेढीचे देणे फेडण्याकरिता उत्तर सरकार या किनारी मुलखाबद्दल कंपनीकडून निजामाला दरसाल मिळणारी पेशकश, म्हणजे खंडणीवजा रक्कम, 1823 मध्ये एकरकमी सुमारे 1 कोटी 16 लाख रुपयांना कायमची सोडून देण्यात आली. तरीही कंटिंजंटचा खर्च थांबला नाही आणि थकबाकी पुन्हा साचू लागली. जी फौज निजामाने मागितली नव्हती आणि जिच्यावर त्याची हुकमत चालत नव्हती, तिच्या पगारापायी त्याला मुलूख गहाण टाकण्याची वेळ आली. धाराशिवच्या इतिहासातील पुढचे वळण समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी 1853 मध्ये हा हिशेब मुलखाच्या रूपाने वसूल केला. 21 मे 1853 च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दोआब आणि सोलापूर-नगरच्या सरहद्दीला लागून असलेले धाराशिव-नळदुर्ग भागातील पश्चिमेकडचे परगणे कंटिंजंटच्या खर्चासाठी इंग्रजी व्यवस्थेखाली गेले. मुलूख नावाने निजामाचा राहिला, महसूल आणि न्याय मात्र इंग्रजांच्या हाती गेला. तहानंतर काही दिवसांतच तत्कालीन दिवाण सिराज-उल-मुल्क यांचे निधन झाले आणि त्यांचे चोवीस वर्षांचे पुतणे दिवाण झाले. सालारजंग यांच्या कारकिर्दीची सुरुवात अशी अंगभंग झालेल्या राज्यापासून झाली. चुलत्यांच्या काळात गेलेला मुलूख परत मिळवणे हे त्यांनी पुढची तीस वर्षे आपले कर्तव्य मानले, आणि त्यांच्या राजकारणाचा बराचसा उलगडा या एका ध्येयातून होतो.

नळदुर्गच्या नव्या जिल्ह्यावर डेप्युटी कमिशनर म्हणून आले ते कॅप्टन मेडोज टेलर. ठगांच्या जीवनावरील त्यांची कादंबरी 1839 मध्येच प्रसिद्ध झाली होती आणि पुढे तुळजापूरची पार्श्वभूमी असलेली ‘तारा’ ही कादंबरी त्यांनी 1863 मध्ये प्रकाशित केली. त्यांची उमेदीची वर्षे निजामाच्या नोकरीत गेली होती आणि त्यांची पत्नी त्याच पामर यांच्या घराण्यातील होती, ज्यांच्या पेढीने राज्याला कर्जात लोटले होते. नळदुर्गच्या किल्ल्यात राहून त्यांनी जिल्ह्याची मोजणी सुरू केली, रस्ते आखले, झाडे लावली. टेलर हे सहृदय अधिकारी होते आणि त्यांच्या आत्मचरित्रात या भागातील माणसांविषयी खरी आपुलकी दिसते. तथापि या जिल्ह्याच्या महसुलावर जी फौज पोसली जात होती, तिच्या तुकड्या 1858 मध्ये इंग्रज सेनानी ह्यू रोझ यांच्या मोहिमेत झाशीच्या राणीविरुद्ध लढल्या, हेही त्या सुव्यवस्थेइतकेच खरे आहे. तुळजापूर-नळदुर्गच्या शेतकऱ्याने भरलेला सारा कोठवर पोहोचत होता, याची कल्पना यावरून येते.

1857 च्या मे महिन्यात उत्तरेतील उठावाची वार्ता हैदराबादला येत होती, त्याच सुमारास, 16 मे रोजी, निजाम नासिर-उद-दौला यांचे निधन झाले आणि अफजल-उद-दौला गादीवर आले. जूनमध्ये औरंगाबादच्या छावणीत कंटिंजंटच्या घोडदळात असंतोष उफाळला आणि पुण्याहून आलेल्या फौजेने तो मोडला. कंटिंजंटमधून निसटलेले जमादार चिदा खान आणि त्यांचे सोबती हैदराबादला आश्रयाच्या आशेने आले, तेव्हा सालारजंग यांनी त्यांना पकडून रेसिडेंट डेव्हिडसन यांच्या स्वाधीन केले. शहरात या कृतीचा संताप झाला. 17 जुलै रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली रोहिल्यांच्या जमावाने रेसिडेन्सीवर चाल केली. पण दिवाणाकडून रेसिडेंटला आधीच सूचना गेली होती, तोफा सज्ज होत्या आणि हल्ला परतवला गेला. तुर्रेबाज खान पकडले गेले, निसटले आणि 1859 च्या जानेवारीत मारले गेले. मौलवींना अंदमानात धाडण्यात आले. कौलासचे राजे दीपसिंग आणि रंगराव पागे यांनी नंतर जी जुळवाजुळव केली तीही उघडकीस आली आणि पागे यांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली. निजाम फिरला तर दक्षिण हातची गेली, ही मुंबईच्या इंग्रज सरकारची भीती तेव्हा उघड होती. ती खरी ठरली नाही, याचे फार मोठे श्रेय इंग्रजांनी स्वतः सालारजंग यांना दिले.

आपल्या लोकांना ते कसे दिसत होते, याचेही उत्तर लवकरच मिळाले. 1859 च्या मार्चमध्ये रेसिडेंटसोबत दरबारातून बाहेर पडत असताना जहांगीर खान नावाच्या इसमाने त्यांच्यावर शस्त्र चालवले. दोघेही बचावले आणि हल्लेखोर जागीच मारला गेला. सुमारे पन्नास वर्षांनी, 1909 च्या डिसेंबरात, सोलमध्ये यी वान-योंग यांच्यावर यी जे-म्योंग या तरुणाने सुरीने वार केले आणि तेही वाचले. या साम्यावरून दोघांना एका मापाने मोजण्याचा मोह होतो, पण दोघांच्या हातून त्यांच्या राज्यांना जे मिळाले ते पाहिल्यावर ही तुलना सोपी राहत नाही.

1860 च्या डिसेंबरात झालेल्या तहाने इंग्रजांनी हैदराबादच्या निष्ठेची भरपाई केली. 50 लाखांचे कर्ज माफ झाले, बंड करून खालसा झालेले सुरपूर संस्थान निजामाला मिळाले, आणि रायचूर दोआबासह धाराशिवचे परगणे परत आले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले. त्याचे 32 लाखांचे वार्षिक उत्पन्न कंटिंजंटसाठी राखून ठेवण्यात आले आणि मागील जमाखर्चाचा हिशेब मागण्याचा हक्क निजामाने सोडला. गोदावरीच्या डाव्या तीरावरील काही मुलूखही जलवाहतुकीच्या कारणाने इंग्रजांना द्यावा लागला. बक्षिसाच्या यादीत काय आहे यापेक्षा काय नाही, हे येथे अधिक बोलके आहे. वऱ्हाडची काळी जमीन कापसाची होती, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता, आणि लवकरच अमेरिकेतील यादवी युद्धाने त्या कापसाचे मोल कितीतरी वाढवले. धाराशिव-नळदुर्ग हा प्रामुख्याने ज्वारीचा, अपुऱ्या पावसाचा मुलूख. तो परत केल्याने साम्राज्याची फारशी हानी होत नव्हती. सालारजंग यांच्या निष्ठेची किंमत इंग्रजांनी चुकवली, पण ती आपल्याला ज्याची गरज नाही अशा चलनात चुकवली, असाच निष्कर्ष या तहावरून निघतो.

यी वान-योंग आणि सालारजंग यांच्यातील खरा फरक येथे सापडतो, आणि तो दोघांच्या शीलात शोधण्यापेक्षा दोन साम्राज्यांच्या गरजांत शोधणे अधिक योग्य ठरेल. 1857 नंतर संस्थाने खालसा करण्याचे धोरण इंग्रजांनी सोडले. त्यांना निष्ठावंत आणि जिवंत संस्थाने हवी होती, म्हणून हैदराबादच्या दिवाणाला आपले राज्य टिकवून सेवा करता आली. जपानला कोरियाचे राज्यच नको होते. त्याला भूमी हवी होती, त्यामुळे यी यांच्या प्रत्येक स्वाक्षरीने त्यांच्या हाताखालचे राज्य आकसत गेले आणि शेवटी उरली ती जपानने दिलेली सरदारकी, आधी काउंटची आणि 1920 मध्ये मार्क्विसची. यी हे तरुणपणी स्वातंत्र्य संघाच्या संस्थापकांत होते, एके काळी अमेरिकेकडे आणि नंतर रशियाकडे झुकले होते. म्हणजे शक्तीचा कल ओळखण्याची कला त्यांच्यात होती, पण कल ओळखून राज्यासाठी काही राखून घेण्याची जिद्द त्यांच्या नोंदीत आढळत नाही. सालारजंग यांच्यात ती होती, हे त्यांच्या बाजूने निःसंकोच सांगितले पाहिजे. त्याचबरोबर तुर्रेबाज खान किंवा रंगराव पागे यांच्या वाट्याला जे आले त्याची जबाबदारीही त्यांच्यावरून उतरत नाही, कारण ते केवळ पाहत राहिले नव्हते. पकडून देणारे हात त्यांच्या सरकारचे होते.

परत मिळालेल्या मुलखाचे त्यांनी काय केले, हे धाराशिवच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. निजामी राज्यात पूर्वी महसूल मक्त्याने दिला जाई, म्हणजे ठरावीक रक्कम सरकारात भरण्याच्या अटीवर मक्तेदार रयतेकडून हवे तेवढे वसूल करी. सालारजंग यांनी ही पद्धत मोडत नेली, पगारी तालुकदार नेमले आणि 1865 च्या जिल्हाबंदीने राज्याची नियमित जिल्ह्यांत विभागणी केली. हैदराबाद राज्यात तालुकदार हे पद आजच्या जिल्हाधिकाऱ्यासारखे होते, जमीनदारासारखे नव्हे. रायचूर आणि नळदुर्ग हे भाग सात वर्षे पगारी अधिकाऱ्यांचा कारभार अनुभवूनच परत आले होते. इंग्रजांनी हाताळलेल्या मुलखापेक्षा आपला कारभार वाईट दिसला तर वऱ्हाड मागण्याचे तोंड राहणार नाही, ही जाणीव या सुधारणांच्या मुळाशी असावी. एका अर्थाने नळदुर्गच्या शेतकऱ्याला वऱ्हाडच्या दाव्याचा थोडा लाभ झाला.

पण हा मुलूख कोणाकडे राहावा, हे 1853 मध्ये आणि 1860 मध्येही तेथील माणसांना कोणी विचारले नाही, आणि त्या न विचारण्याचे परिणाम दीर्घकाळ टिकले. तो परत गेला नसता तर सोलापूर-बार्शीबरोबर मुंबई इलाख्याच्या कारभारात राहण्याची शक्यता होती. तो परत गेल्यामुळे राज्यांची सरहद्द बार्शीच्या पूर्वेला पडली. याच सरहद्दीच्या पलीकडे सोलापूर-बार्शीच्या बाजूला 1947-48 मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे कॅम्प उभारले गेले, आणि 13 सप्टेंबर 1948 रोजी सोलापूरहून निघालेल्या भारतीय फौजेने सर्वप्रथम नळदुर्गचा मार्ग घेतला. तोवरच्या 88 वर्षांत या जिल्ह्यातील शाळेची भाषा, न्यायालयाची भाषा आणि सभा घेण्याची मुभा शेजारच्या तालुक्यापेक्षा वेगळी राहिली, ती 1860 च्या त्या बक्षिसामुळे.

सालारजंग यांना मात्र वऱ्हाड मिळाले नाही. अफजल-उद-दौला यांनी 1861 मध्ये आणि पुन्हा 1867 मध्ये त्यांना दूर करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा इंग्रजांच्या पाठिंब्यानेच ते पदावर टिकले. 1869 मध्ये निजाम वारले आणि बालक महबूब अली खान गादीवर आले, तेव्हा राज्यपालनाची धुराही सालारजंग यांच्याकडे आली. 1876 मध्ये ते वऱ्हाडचा प्रश्न घेऊन इंग्लंडला गेले, वाटेत पॅरिसमध्ये पडून त्यांचे हाड मोडले, ऑक्सफर्डने त्यांना सन्माननीय पदवी दिली, पण वऱ्हाडची चर्चाही कोणी मनापासून केली नाही. गव्हर्नर जनरल लॉर्ड लिटन यांना हा आग्रही दिवाण नकोसा झाला आणि कारभारात त्यांना न पटणारा सहकारी त्यांच्या जोडीला बसवण्यात आला. 1883 च्या फेब्रुवारीत पटकीच्या आजाराने सालारजंग वारले. एकोणीस वर्षांनी, 1902 मध्ये, लॉर्ड कर्झन यांनी महबूब अली खान यांच्याशी करार करून दरसाल 25 लाख रुपयांच्या बोलीवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रज सरकारकडे घेतले. त्या वाटाघाटीत हैदराबादच्या दरबारातील कोण कोठे उभे होते, हा पुढील लेखांकाचा विषय आहे.